गैरहजर माणसाची वकील

मी वकील होणार हे मी शाळेत असतानाच जाहीर करून टाकलं होतं. कुणी विचारलेलं नव्हतं. घरी पाहुणे बसले होते, गुडघेदुखीवर गप्पा रंगल्या होत्या, आणि मी मधेच उभी राहून म्हटलं, "मी कायदा शिकणार आहे." पाहुणे "वा, वा" म्हणाले आणि पुन्हा गुडघ्यांकडे वळले. कुणी विरोध केला नाही, म्हणजे आपण जिंकलो, असा मी त्याचा अर्थ लावला. वकिलीला लागणारा निर्लज्जपणा माझ्यात तेव्हापासूनच होता. बाकीचं सगळं शिकायचं राहिलं होतं.

आज मी खरोखरची वकील आहे. म्हणजे पाटी आहे, काळा कोट आहे, आणि दातांच्या एका डॉक्टरच्या डोक्यावर एका खोलीचं ऑफिस आहे. जिना एकच असल्यामुळे दाढ धरून आलेली माणसं कधीकधी माझ्यासमोर येऊन बसतात, आणि घटस्फोटासाठी आलेली खाली जाऊन खुर्चीत आ वासतात. चेहरे दोघांचेही सारखेच असतात, त्यामुळे मलाही पटकन कळत नाही. माझ्याकडे जास्त करून मोडलेल्या संसारांचीच कामं येतात. "तुम्ही या भानगडीत कशा पडलात?" असं कुणी विचारलं की मी समाजसेवा वगैरे काहीतरी ठोकून देते. खरं सांगायचं तर आधी माझा गाढवपणा सांगावा लागतो, आणि तो बराच लांबलचक आहे.

वकिलीच्या कॉलेजात जायचं तर प्रवेश परीक्षा द्यावी लागे, आणि तिचा एक क्लास होता. झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत तो भरायचा. भिंतीपलीकडे मशीन घरघरत असे आणि खोलीत सतत गरम कागदाचा वास यायचा. बाकीची मुलं माझ्यापेक्षा मोठी, दाढीमिशा फुटलेली. शाळेच्या गणवेशात येणारी मी एकटीच. म्हणून मग वजन वाढवण्यासाठी मी कायद्याचं एक जाडजूड पुस्तक छातीशी धरून बसमधून जायचे, पुस्तकाचं नाव लोकांना वाचता येईल अशा बेताने. प्रस्तावनेच्या पुढे मी काही गेले नव्हते. एकदा शेजारी बसलेल्या बाईंनी ते पुस्तक पाहिलं आणि मोठ्या आशेने विचारलं, "काय गं, भाडेकरू खोली सोडत नसेल तर काय करायचं असतं?" मी गंभीर चेहरा करून बेल वाजवली आणि उतरले. माझा स्टॉप अजून बराच लांब होता.

क्लास घेणारे सर निवृत्त वकील होते. त्यांना आम्ही हरकतसर म्हणायचो, कारण चहात साखर कमी पडली तरी ते "हरकत आहे!" असंच ओरडायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक नेम घालून दिला.

"दोन माणसं तिसऱ्याबद्दल बोलताना दिसली," सर म्हणाले, "की समजायचं, इथे खटला चाललाय आणि आरोपीला वकील नाही. तुम्ही त्याचे वकील व्हायचं. जो खोलीत नाही, त्याची बाजू मांडायची. घरात मांडा, रस्त्यावर मांडा, लग्नाच्या मांडवात मांडा. जीभ वळली पाहिजे. हजर माणसाला तोंड असतं, त्याची काळजी करू नका."

मोठ्या मुलांनी माना डोलावल्या आणि ती विसरून गेली. मी मात्र ते असं काही मनावर घेतलं की विचारू नका. मला जे सांगितलं जातं ते मी गरजेपेक्षा जास्त करते, हा माझा जुना रोग आहे.

शेजारच्या काकूंच्या नव्या कोऱ्या चपला दाराबाहेरून चोरीला गेल्या. काकू जिन्यात उभ्या राहून चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. मी वर जाताना थांबले. चोर हजर नव्हता, म्हणजे तो माझा अशील. "काकू," मी म्हटलं, "त्याची काय परिस्थिती असेल याचा विचार केलात का? आणि चपला अशा उघड्यावर ठेवून तुम्ही त्याला एक प्रकारे मोहात पाडलंत, हेही लक्षात घ्यायला हवं." काकूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या आईला जरा खाली पाठव."

माझी एक जिवाभावाची मैत्रीण होती. तिला आम्ही बटण म्हणायचो, कारण ती होतीच तेवढी. तिला आवडणाऱ्या मुलाने तिला वाचनालयाबाहेर ताटकळत ठेवलं आणि तो आलाच नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मी तिला थोपटत थोपटत त्या मुलाची बाजू मांडली. बस मिळाली नसेल, घरी कुणी आजारी असेल, शिवाय तू त्याला वेळ नक्की सांगितली होतीस याचा पुरावा काय? बटणने खांद्यावरून डोकं उचललं. "मग तूच फिर त्याच्याबरोबर," ती म्हणाली, आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. मी ही गोष्ट सरांना सांगितली. "उत्तम!" सर म्हणाले. "म्हणजे मुद्दा वर्मी लागला." मी खूश होऊन घरी आले. मैत्रीण गेली याचं दुःख होतं, पण शाबासकीही मिळाली होती, आणि त्या वयात मला दोन्हींतलं जास्त मोलाचं काय हे कळत नव्हतं.

आता घरचं सांगते, कारण खरी रामकहाणी तिथेच आहे.

बाबा कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करायचे. दुकान एवढंसं, म्हणून उरलेली मशीनं घरी यायची. आमच्या हॉलमध्ये कायम दोन-तीन मशीनं पोट उघडून पडलेली असत. आमचं स्वतःचं मशीन तेवढं बंद असे, कारण ते दुरुस्त करायला बाबांना वेळ नव्हता. बाबांना कुणालाही नाही म्हणता यायचं नाही. कुणाचं पाणी गळतंय म्हटलं की हातातला घास टाकून निघायचे.

आई चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवायचा, कानामागची दांडी जरा तापवून वाकवायची, आणि विचारायचं, "आता खाली बघा. कुठे टोचतंय का?" दिवसभर परक्या माणसांना टोचतंय का म्हणून विचारून ती इतकी थकून यायची की घरी आल्यावर कुणाला काही विचारायचं त्राणच तिच्यात उरत नसे. चपला काढायची, मशीनांमधून अंग चोरून स्वयंपाकघरात जायची आणि तिथेच राहायची.

त्यांचं मोठं भांडण असं मी कधी पाहिलं नाही. ताटं आपटली नाहीत, दारं आपटली नाहीत. एकमेकांशी बोलणं नुसतं आटत गेलं. जे बोलायचं ते दोघं माझ्याशी बोलायला लागले. आईची गाऱ्हाणी स्वयंपाकघरात, बाबांची हॉलमध्ये, आणि मधल्या दारातून ये-जा करणारी मी. दुसरी एखादी पोर असती तर तिला वाईट वाटलं असतं. मला वाटलं, अरे वा, घरबसल्या सराव!

आई म्हणायची, "पाहिलंस? लवकर येतो म्हणाले होते. आहे का पत्ता?"

मी कंबरेवर हात ठेवायचे. "आई, एकतर्फी निकाल देऊ नकोस. एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या घरात पाणी झालं असेल. परक्याच्या घरात पाय भिजवत उभा राहणारा माणूस बेजबाबदार कसा? तू तापाने पडली होतीस तेव्हा तुझे सगळे कपडे कुणी धुतले होते? बाबांनी. तेही हाताने. तू झोपली होतीस, तुला माहीत नाही, पण ते बादलीजवळ बसून गाणं म्हणत होते, तुला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू."

आई भांडं घासता घासता थांबायची. मग म्हणायची, "बरं बाई. तुझे बाबा थोर."

मग मी हॉलमध्ये. बाबा जमिनीवर मांडी घालून, तोंडात स्क्रू धरून. "तुझ्या आईने पुन्हा माझे वायसर फेकून दिले," ते स्क्रूच्या फटीतून बोलायचे. "माझ्या कामाची तिला किंमत नाही."

"बाबा, हरकत आहे! ती दिवसभर उभी असते. घरी येऊन तिला पाय पसरायला जागा ठेवलीत का तुम्ही? आणि किंमत म्हणता? तुमचा नंबर वाढलाय हे तुम्हाला कळायच्या आधी तिला कळतं. तुम्ही स्क्रू किती लांब धरता ते ती दारात उभी राहून बघते, आणि दुसऱ्या दिवशी नवीन काच बसवून चष्मा तुमच्या उशाशी ठेवते. तुम्ही एकदा तरी विचारलंत, ही काच कुठून आली म्हणून?"

बाबा स्क्रू तोंडातून काढून हातात घ्यायचे. "बरोबर आहे तुझं," म्हणायचे, आणि पुन्हा मशीनमध्ये डोकं घालायचे.

मी अशी रोज दोन खटले जिंकत होते. आईसमोर बाबांचा, बाबांसमोर आईचा. झोपताना मला वाटायचं, हे घर माझ्याच जिवावर टिकलंय.

मग एके दिवशी दुपारी दोघांनी मला हॉलमध्ये बसवलं. दोन मशीनांच्या मधे एक खुर्ची ठेवली होती, तिच्यावर मी. दोघं उभे. खूप दिवसांनी दोघं एका खोलीत होते, म्हणून मला वाटलं काहीतरी चांगली बातमी असणार.

"आम्ही वेगळं राहायचं ठरवलंय," आई म्हणाली.

यावर पोटच्या पोरीने काय म्हणावं? मी म्हटलं, "परस्पर संमतीने का?"

दोघंही माझ्याकडे बघतच राहिले. बाबा हळूच म्हणाले, "हो, तसंच." मी मान डोलावली, जसं काही माझी परवानगी हवी होती. मग न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि ढसाढसा रडले. इतकं रडू मला आयुष्यात कधी आलं नव्हतं. नळ बंद करून बाहेर आले तेव्हा दोघंही दाराशी उभे होते, दोन बाजूंना. शेवटी आई म्हणाली, "पाणी जपून वापरावं गं."

बाबा दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला जाणार होते. मशीनं त्यांची, भांडी आईची, त्यात काही वाद नव्हता. वादाचा मुद्दा एकच होता, आणि तो मी. मी कुणाकडे राहायचं?

आता खरं सांगते, मला त्याची भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली थोडी गुदगुल्यासारखी एक भावनाही होती. दोघं माझ्यासाठी भांडणार, हे मी गृहीत धरलं होतं. आई म्हणणार, मुलगी माझी. बाबा म्हणणार, माझी. ओढाताण होणार, माझे हाल होणार, आणि मी मोठ्या मनाने मार्ग काढणार. मी आरशासमोर उभी राहून त्याची तालीमसुद्धा केली होती. "आई, बाबा, मला समजून घ्या," असं म्हणून मी आरशाला समजावत असे.

पण भांडण काही सुरू होईना. दिवस गेले, दोघांचे वकील ठरले, तरी कुणी ब्र काढेना. फक्त एकदा आई भांडी पुसताना म्हणाली, "तुला काय वाटतं गं, बाबांचं कसं होईल एकट्याचं?"

आता मला कळतं, तो प्रश्न बाबांबद्दलचा नव्हताच. ती मला विचारत होती, तू माझ्याजवळ राहशील का? पण तिला सरळ विचारता येत नव्हतं, आणि मला वाकडं ऐकता येत नव्हतं. बाबा घरात नव्हते. म्हणजे बाबा माझे अशील.

"त्यांचे हाल होतील," मी ठणकावून सांगितलं. "त्यांना स्वतःचं मशीन दुरुस्त करायला वेळ नाही, ते स्वतःला काय सांभाळणार? त्यांना एकटं सोडणं हा उघड उघड अन्याय आहे."

"म्हणजे कुणीतरी हवं त्यांच्याजवळ," आई म्हणाली.

"अर्थात!"

आई तीच ताटली कितीतरी वेळ पुसत राहिली. "बरं," म्हणाली.

त्याच आठवड्यात बाबा दुकानात मला म्हणाले, "आईचं काय गं? ती राहील ना नीट?" आणि मी तिथेही शेर झाले. आई थकते, बोलून दाखवत नाही, संध्याकाळी घरात कुणी नसेल तर ती जेवणारच नाही, तिला एकटं ठेवणं म्हणजे क्रूरपणा. बाबा नट आवळत होते. ते म्हणाले, "समजलं." आणि तो नट त्यांनी इतका आवळला की तुटला.

मी उड्या मारत घरी गेले. पुन्हा दोन खटले जिंकले होते.

कोर्टाच्या दिवशी मी शाळेला दांडी मारली. आयुष्यात पहिल्यांदा कोर्ट बघणार म्हणून मी बुटांना पॉलिश केलं होतं, हे लिहायलाही मला लाज वाटते. आईबापांचं लग्न मोडत होतं आणि कार्टी बूट चमकवून आली होती! लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकून बाकं, बाकांवर माणसं, आणि सगळ्यांची नजर जमिनीकडे. आई एका बाकावर, बाबा समोरच्या. मी मधे उभी राहून दोघांच्या वकिलांना सूचना देत होते. बाबांचे वकील शेवटी म्हणाले, "बाळ, तुला तहान लागली असेल ना? तिकडे पाणी आहे."

मग शिपायाने हाक मारली. न्यायाधीश बाईंना मुलीशी एकटीशी बोलायचं होतं, त्यांच्या खोलीत.

खोली लहान होती. टेबलावर फायलींचे ढिगारे, चहाचा अर्धा कप, त्यावर साय धरलेली. न्यायाधीश बाई आमच्या मुख्याध्यापिकेपेक्षाही साध्या दिसत होत्या. मी खुर्चीशेजारी ताठ उभी राहिले. "माननीय न्यायालयाच्या परवानगीने..." मी सुरुवात केली.

"बस," त्या म्हणाल्या. "पंखा लावू का?"

मी बसले. सगळी तालीम पंख्याच्या वाऱ्याबरोबर उडून गेली.

"मला एक गोष्ट कळत नाहीये, ती तू मला समजावून सांग," बाई म्हणाल्या. "तुझी आई म्हणते, मुलीला वडिलांकडे राहायचंय, तिच्या मनाविरुद्ध मी तिला मागणार नाही. तुझे वडील म्हणतात, मुलीला आईकडे राहायचंय, मी मधे येणार नाही. दोघांपैकी खरं कोण बोलतंय?"

मी तोंड उघडलं. ज्या तोंडाने चोरालासुद्धा सोडवलं होतं, त्या तोंडातून शब्द फुटेना.

"म्हणजे..." मी कशीबशी म्हटलं, "मला कुणीच मागितलं नाही?"

"नाही," त्या म्हणाल्या. उगाच गोड करून सांगितलं नाही, त्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. मी ज्या ओढाताणीची वाट बघत होते, त्यातली दोरी दोन्ही बाजूंनी केव्हाच सोडून दिली होती. आणि ती माझ्याच बडबडीमुळे, हेही त्याच क्षणी लख्ख कळलं. मी हमसाहमशी रडायला लागले. रडता रडता सगळं सांगितलं. हरकतसर, त्यांचा नेम, खोलीत नसलेला माणूस, स्वयंपाकघर, हॉल. मधेच चोराचं आणि बटणचंही सांगितलं, का ते देवाला ठाऊक.

बाई हसल्या नाहीत. म्हणजे बटणच्या वेळी त्यांनी ओठ दाबले, पण हसल्या नाहीत. "आणि तुझी बाजू कोण मांडत होतं?" त्यांनी विचारलं.

"मी खोलीतच असायचे ना," मी म्हटलं.

त्यांनी बेल वाजवून आईबाबांना आत बोलावलं. दोघं आले. माझं रडून लाल झालेलं नाक बघून दोघंही एकदम पुढे झाले आणि एकमेकांना धक्का लागल्यावर थांबले.

"हिला वडिलांकडे राहायचंय असं तुम्हाला कशावरून वाटलं?" बाईंनी आईला विचारलं.

"अहो, रोज ऐकत होते ना मी," आई म्हणाली. "यांच्याविरुद्ध एक शब्द बोलायची सोय नव्हती घरात. बाबा परक्यांसाठी पाय भिजवतात, बाबा थोर, बाबांना एकटं सोडणं अन्याय. मी तापात होते तेव्हा यांनी कपडे धुतले, तेही गाणं म्हणत. इतका जीव आहे हिचा यांच्यावर. मी कशाला तोडू?"

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. "ही असं म्हणायची? माझ्याबद्दल?"

"उठता बसता."

"माझ्यासमोर तर कधी चांगला शब्द नाही!" बाबा न्यायाधीशांकडे वळले. "माझ्यासमोर फक्त आईपुराण. आई दिवसभर उभी असते, आईला जागा नाही, आई माझ्या चष्म्याची काच गुपचूप बदलते..." ते अडखळले. "मी ती काच कुठून आली हे कधी विचारलं नाही, हेही हिनेच मला सुनावलं. मी म्हटलं, पोरगी पुरती आईची आहे. आपण कशाला आड यायचं?"

आईने चष्मा काढून पदराने पुसला. बाबा छताकडे बघत राहिले.

सिनेमा असता तर इथे दोघांनी एकमेकांचे हात धरले असते आणि आम्ही तिघं हसत घरी गेलो असतो. तसलं काही झालं नाही. ते वेगळे व्हायचे ते झालेच, आणि आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, बरंच झालं. वेगळ्या घरांत दोघंही जास्त माणसासारखे वागायला लागले.

"मग मुलीचं काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"काय करायचं म्हणजे?" आई म्हणाली. "ती माझ्याकडे राहील. मला काय माहीत होतं..."

"थांब, थांब," बाबा म्हणाले. "तुझ्याकडे का? मलाही आत्ताच कळलंय."

"दुकानावरच्या त्या खोलीत? तिथे तेलाचा वास! पोरीने अभ्यास करायचा की शिंकायचं?"

"भिंतीत खिडकी पाडून घेईन मी."

"हो, घेतलीत! स्वयंपाकघरातल्या मोरीवर झाकण बसवणार होतात, अजून उघडी आहे. आणि तिला सकाळी उठवणार कोण? तुम्ही? हाका मारून मारून माझा घसा बसतो."

"मी उठवीन. तिला हाका मारायच्या नसतात, पायाला गुदगुल्या करायच्या असतात. तुला माहीतच नाही."

"मला माहीत नाही? मी तिला जन्म दिलाय!"

"मग मी काय बाजारातून आणली का?"

आवाज इतका चढला की शिपायाने दार उघडून आत डोकावलं. मला आजवर असं भांडण कधी बघायला मिळालं नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघून भांडत होते, मधे कुणी निरोप्या नव्हता. माझ्याकडे दोन्ही बाजूंनी मुद्दे होते, एकापेक्षा एक बिनतोड. बाबांचा झोप लागली की कुणी उठवलं तरी न उठण्याचा गुण मला ठाऊक होता, आणि आईच्या घरात माझ्यासाठी वेगळी खोली नाही हेही. मी जीभ दातांखाली घट्ट धरून ठेवली.

शेवटी न्यायाधीश बाईंनी टेबलावर पेन आपटलं. "पुरे! बाहेर लोक ऐकतायत."

आईने पदर सावरला, बाबा एक पाऊल मागे सरले.

"बाई," मी म्हटलं, "अजून थोडा वेळ भांडू द्या ना त्यांना."